चामीकर, काकवी आणि दंडी

आम्ही चौघे. तिघे मराठी शिकवतो, एक संस्कृत. महिन्यातून एकदा आजऱ्यात कुणा एकाच्या घरी बसावे, एखादा ग्रंथ थोडा थोडा वाचावा आणि जेवून उठावे, असा कित्येक वर्षांचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखातले ‘आम्ही’ म्हणजे ही बैठक. संपादकीय बहुवचन नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे या ‘आम्ही’ला एक तडा जातो, आणि लेख लिहावासा वाटला तो त्या तड्यामुळेच.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. आजऱ्याचा पाऊस लांबला की संपता संपत नाही. पण तो एकदाचा संपला होता, घनसाळ भाताची कापणी झाली होती आणि हिरण्यकेशीच्या काठच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपी उभ्या राहू लागल्या होत्या. त्या रात्री आमच्यापुढे दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा पहिला परिच्छेद होता आणि टेबलावर एक बाटली होती. बाटली एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून आणून दिलेली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते आणि त्याहून थोडे ते पाळतात. आमच्यातल्या संस्कृतच्या सरांनी मात्र रीतसर परवाने घ्यायला लावले. आंबोलीच्या घाटातून वर येणाऱ्या रस्त्यावरचे आमचे गाव. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी आम्ही पावसाच्या बातमीइतक्याच सवयीने वाचतो. त्या रस्त्याशी आपला संबंध नाही, हे कागदोपत्री सिद्ध केल्याशिवाय सर चमचाभरही घेणार नव्हते.

बाटलीवरचे नाव रोमन लिपीत होते. आम्ही मराठीवाले अर्धा तास त्याचा उच्चार ‘कॅमिकारा’ असा करीत होतो आणि ते एखाद्या दक्षिण अमेरिकी नदीचे नाव असावे, असा तर्क लढवीत होतो. सरांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “अहो, कॅमिकारा कसलं? चामीकर! अमरकोश उघडा, सोन्याची नावं काढा.” काढली. कांचन, जातरूप यांच्या पंगतीत चामीकर बसलेले होते. हरियाणातल्या इंद्री येथे गाळलेली ही रम. २०२२ मध्ये ती बाजारात आली. मळीपासून नव्हे तर थेट उसाच्या रसापासून केलेली आणि लाकडी पिंपांत बारा वर्षे मुरवलेली, असे तिचे वैशिष्ट्य. रंग खरोखरच सोन्याचा: नव्या सोन्याचा नव्हे, आजीच्या पाटल्यांचा असतो तसा किंचित तांबूस आणि घासून मऊ झालेला.

आमच्या पिढीला रम म्हटले की एकच आठवते. १९५४ पासून मिळणारी ती काळसर, गुटगुटीत बाटलीतली ओल्ड मंक. वसतिगृहाच्या गच्चीवर, थंडी असो वा नसो, ‘थंडी आहे’ असे म्हणून घेतलेली. तिच्यावरही सात वर्षे मुरल्याचे लिहिलेले असे, पण तेव्हा आम्हाला त्या सात वर्षांचे काही नव्हते. आमचीच अजून तेवढी मुरायची होती. सोनेरी रम हा प्रकार उशिरा कळला. तो समजून घेण्यासाठी चव पुरत नाही, त्याआधीची हकिकत माहीत असावी लागते. आणि ती हकिकत, गंमत पाहा, आमच्या दारातूनच सुरू होत होती.

कोल्हापूरच्या मुलखात उसाच्या रसाला दोन वाटा. एक गुऱ्हाळाची, दुसरी कारखान्याची. गुऱ्हाळात रस काहिलीत चढतो. चुलवाणात चिपाडे ढकलली जातात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणली जाते आणि ती काढून टाकतात. मग उकळत्या रसाचा फेस, त्याचा आवाज आणि बोटांत येणारी तार पाहून गुळव्या ठरवतो की आदण आता उतरायचे. क्षणभर आधी उतरले तर काकवी, वेळेवर उतरले तर गूळ, उशीर झाला तर करपलेला काळा गोळा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच गुळाच्या जिवावर, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच गुळव्याच्या बोटांमुळे. ही बोटे मात्र आता झपाट्याने कमी होत आहेत.

कारखान्यात ‘मळी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. तिथे रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जे काळे, दाट, कडवट-गोड द्रव्य उरते ते मळी. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो. तिच्यात अजून साखर असते, पण तिचे दाणे होत नाहीत. ती आंबवता मात्र येते. जगातली बहुतेक रम या मळीची. म्हणजे रम मुळात उरलेल्याची निर्मिती आहे. सतराव्या शतकात बार्बाडोसच्या मळेवाल्यांना साखर युरोपात पाठवल्यावर मळीचे काय करावे, हा प्रश्न होता. तो त्यांनी भट्टी लावून सोडवला. त्या बेटावरच्या एका भट्टीचा कागदोपत्री पुरावा १७०३ सालचा आहे आणि ती आजही चालू आहे. आपल्याकडे आज ती मळी, आणि कित्येकदा रसही, इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जाते. बाटलीपेक्षा मोटार अधिक पिते, असे आमच्यातला एक म्हणाला.

परंतु मळी नको, रसच आंबवायचा, अशीही एक परंपरा आहे. कॅरिबियनमधल्या मार्तिनिकसारख्या फ्रेंच बेटांनी ती जपली. आपण मात्र हा भेद फार पूर्वी केलेला आहे. आयुर्वेदाच्या संहितांत उसाच्या मद्याला ‘सीधु’ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार सांगतात: शिजवलेल्या रसाचा पक्वरस सीधु आणि कच्च्या रसाचा शीतरस सीधु. ही मद्ये आंबवलेली. गाळलेली म्हणता येणार नाहीत, तेव्हा ‘रमचा शोध आम्हीच लावला’ असा झेंडा कुणी रोवू नये. पण द्रव्याकडे पाहण्याची नजर तीच आहे. मनुस्मृतीने सुरेचे तीन प्रकार सांगितले, गौडी, पैष्टी आणि माध्वी, आणि तिन्ही वर्ज्य ठरवले. त्यातली गौडी म्हणजे गुळाची.

इथे आम्ही वाचन थांबवले, कारण चौघेही एकदम दचकलो. गेली तीसेक वर्षे आम्ही वर्गात ‘गौडी’ शिकवत आलो आहोत. वैदर्भी, गौडी, पांचाली. वामनाने रीतीला काव्याचा आत्मा म्हटले. वैदर्भी सर्वगुणसंपन्न, गौडी ओज आणि कांती यांनी युक्त, समासबहुल, जडशीळ. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. गौड देशाची म्हणून गौडी, हे आम्ही सांगतो. त्या देशाच्या नावाशी गुळाचे नाते परंपरेने जोडलेले आहे, हेही एखाद्या वेळी सांगतो. पण या शब्दाला वास असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते. दाट, उग्र, गोडीच्या तळाशी करपल्याची छटा असलेली रचना म्हणजे गौडी, असे एकदा नाकाने कळल्यावर समासबहुलतेची व्याख्या वेगळी लागते.

आता पिंपाकडे वळू. भट्टीतून उतरलेले मद्य पाण्यासारखे नितळ असते. रंग येतो तो लाकडाचा. अमेरिकेत बर्बन नावाच्या व्हिस्कीसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप वापरण्याचा कायदा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे स्वस्तात जगभर जातात आणि त्यांत रम मुरते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा सुगंध देणारे व्हॅनिलिन उतरते, लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे ओल्या खोबऱ्याची आठवण होते, टॅनिनमुळे तुरटपणा येतो. किण्वाने आंबवताना तयार केलेली एस्टर द्रव्ये केळ्याचा, अननसाचा वास आणतात. पिंप श्वास घेते. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते, आणि दरवर्षी त्यातले काही हवेत जाते. युरोपात या उडून गेलेल्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला शेकडा दोन. उष्ण देशांत त्याच्या तिप्पट-चौपटही. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दरवर्षी शेकडा सहा धरले तर २०० लिटरच्या पिंपात बारा वर्षांनी ९५ लिटर उरतात. अर्ध्याहून अधिक गेले. जे उरले त्यात गेलेल्याची चव आहे, असे कुणी म्हणाले तर ते काव्य. रसायनशास्त्राच्या भाषेत, पाणी आणि मद्यार्क उडाले व जड द्रव्ये मागे राहून दाटली.

एक सावधगिरीची सूचनाही इथे करायला हवी. सोनेरी रंग म्हणजे जुनी रम, असे नाही. साखर जाळून केलेला कॅरॅमलचा रंग घालून कोवळ्या रमलाही वयस्क करता येते, आणि अनेक देशांच्या नियमांना ते मान्य आहे. बाह्य रंग आणि आतला रस यांच्यातल्या अंतराविषयी चोखोबांनी ऊसच समोर धरून जो प्रश्न विचारला तो महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्या अभंगाचा विषय बाटली नव्हे, माणूस आहे, हे न विसरता आम्ही तो इथे आठवतो.

मग चव. दंडीच्या ज्या परिच्छेदावर आम्ही होतो त्याच्या शेवटाकडे, वैदर्भ आणि गौड या दोन मार्गांचा भेद सांगून झाल्यावर, एक श्लोक येतो. त्याचा आशय असा की ऊस, दूध, गूळ यांच्या गोडीत पुष्कळ फरक आहे खरा, पण तो शब्दांत सांगणे सरस्वतीलाही साधणार नाही. आम्ही पेल्यांत थोडी थोडी रम ओतली, पाण्याचे चार थेंब घातले आणि सरस्वतीला न साधणारे काम हाती घेतले.

पहिला वास काकवीचा. त्याबद्दल दुमत झाले नाही. मग एक म्हणाला, पिकलेल्या काजूच्या बोंडांचा ढीग मे महिन्यात झाडाखाली पडतो, त्याचा. दुसऱ्याला सुंठ लागली. संस्कृतच्या सरांना जुन्या शिसवी पेटीचे झाकण उघडल्यासारखे वाटले, आणि मग तिच्यात ठेवलेल्या पोथ्यांचेही. जिभेवर आधी गोड, मग लगेच तुरट, घशाशी मिरी, आणि पुष्कळ वेळाने, बोलणे दुसऱ्या विषयावर गेल्यानंतर, भाजल्या काजूच्या टरफलाचा खरपूस कडवटपणा परत येतो. आमच्या लक्षात आले की इंग्रजीत अशा वर्णनांचा साचा तयार असल्यामुळे तिथे माणूस व्हॅनिला आणि टॉफी म्हणून मोकळा होतो. मराठीत साचा नाही, म्हणून प्रत्येकाला आपापल्या परसात जावे लागले. मराठीपाशी खमंग, खरपूस, उग्र, कडसर, तुरट, मवाळ असे शब्द आहेत. आणि सर्वांवर कडी करणारा एक: मुरलेली. लोणचे मुरते, मोरंबा मुरतो, गवई मुरतो, राजकारणी मुरतो. एकाच क्रियापदात काळ, संयम आणि किंचित लबाडी एवढे सगळे आहे. आणि पाणीही मुरते. काहीतरी लपवले जात आहे असा संशय आला की आपण म्हणतो, पाणी कुठेतरी मुरते आहे.

आमच्यातल्या चौथ्याने पेला उचलला नव्हता. तो हुंगला, खाली ठेवला. तो मद्य घेत नाही हे आम्हाला ठाऊक होते; का घेत नाही हे इतक्या वर्षांत विचारले नव्हते. वर्णनाची आमची चढाओढ बराच वेळ ऐकून तो म्हणाला, “तुम्ही म्हणता तो वास बरोबर आहे. फक्त तो काकवीचा नाही. आदण बिघडलं की येतो तो.”

त्याचे वडील गुळव्या होते, एवढे आम्ही जाणत होतो. पुढचे त्या रात्री कळले. “आबांच्या अंगाला दोन वास यायचे,” तो म्हणाला. “हंगामात गुळाचा. आम्ही भावंडं मुद्दाम जवळ जाऊन झोपायचो. आणि हंगाम उलगडला, हातात पैसे आले की दुसरा. आदण करपलं की काळा गूळ निघायचा. तो पेठेत कोण घेणार? भट्टीवाले स्वस्तात उचलायचे. नवसागर घालून त्याचीच काढायचे आणि तीच आबा प्यायचे. स्वतःच्या हातून बिघडलेला गूळ माणूस परत विकत घेऊन पीत होता. त्यातच गेले. मी तेव्हा दहावीत होतो.” थोडे थांबून म्हणाला, “बारा वर्षं पिंपात राहिली म्हणून तुम्ही तिला मुरलेली म्हणता. आमच्या घरात पन्नास वर्षं मुरलीय.”

कुणी काही बोलले नाही. सरांनी बुच लावले. वाचन तिथेच थांबले, जेवण झाले, पण जेवणात नेहमीचे बोलणे नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही तिघे एकमेकांशी या गोष्टीवर पुष्कळ बोललो, आणि बोलताना जाणवले की हा वाद आमच्या घरातला नाही, वर्गातला आहे. कलाकृतीचा आस्वाद तिच्या उत्पत्तीपासून वेगळा काढता येतो का, हे आम्ही मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून दलित साहित्याच्या चर्चेपर्यंत शिकवत आलो. उत्तर म्हणून दोन्ही बाजू मांडायच्या आणि तास संपवायचा. इथे दोन्ही बाजू एका टेबलावर बसल्या होत्या आणि तास संपत नव्हता.

रमची हकिकत सांगताना आम्ही बार्बाडोसच्या मळेवाल्यांचा प्रश्न सांगितला. मळ्यात राबणाऱ्यांचा सांगितला नाही. ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला, आणि ऊस तोडायला नवे हात लागले तेव्हा ते हिंदुस्थानातून नेले गेले. नोव्हेंबर १८३४ पासून मॉरिशसच्या बंदरात करारबद्ध मजूर उतरू लागले. ते जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, पुष्कळसे रत्नागिरीकडचे, म्हणजे आमच्या घाटाखालच्या मुलखाचे शेजारी. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशसमध्ये आज उत्तम सोनेरी रम होते. तिच्या चवीत ओल्या खोबऱ्याचा भास ओकच्या लॅक्टोनमुळे होतो, हे आम्ही वर लिहिले आहे. ते खरेच आहे. पण तेवढेच लिहून थांबणे म्हणजे पाणी मुरू देणे.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? हिरण्यकेशीकाठच्या त्या खोपींत बीडकडून आलेली जोडपी असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोजणीचे एककच ते. मुकादमाची उचल हंगामाआधी घेतलेली, ती फेडण्यासाठी पहाटेपासून तोड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. आमच्या बैठकीच्या वाटेवर त्या खोपी लागतात. शेकोटीचा धूर आणि तोडलेल्या उसाचा ओला वास येतो, आम्ही ‘हंगाम सुरू झाला’ असे म्हणतो आणि दंडीकडे जातो.

याचा अर्थ चव खोटी होती, असे आम्ही म्हणू शकत नाही. तसे म्हणणे सोपे ठरेल आणि अप्रामाणिकही. ती रम उत्तम होती. भरताने रस समजावताना जी उपमा घेतली तीत गूळ आहे: गुळासारखी द्रव्ये, व्यंजने, औषधी एकत्र येऊन जशी नवी चव सिद्ध होते तसा भावांच्या संयोगातून रस. या उपमेत द्रव्ये आपापले वेगळेपण सोडून एकजीव होतात. आम्ही हे नेहमी आनंदाने शिकवले. आता प्रश्न पडतो की एकजीव होताना कोणते द्रव्य ओळखू येईनासे होते, आणि ते ओळखणारी जीभ कुणाची. आमच्या मित्राने जे ओळखले ते आम्हाला बारा पेले घेऊनही कळले नसते. सहृदय म्हणजे ज्याला अधिक सुख होते तो, असे आम्ही मानत होतो. त्या रात्री आमच्यात सर्वांत अचूक आस्वाद घेणारा, न पिणारा होता.

दंडीचा तो श्लोकही आम्ही पुन्हा काढला. गोडीतला फरक सरस्वतीलाही सांगता येत नाही, हे आम्ही आजवर शब्दांच्या मर्यादेचे सुंदर उदाहरण म्हणून वाचत होतो. मित्राचे म्हणणे वेगळे पडले. तो म्हणाला, “सरस्वतीला येत नसेल. गुळव्याला येतं. आबा नुसत्या वासावरून सांगायचे, उस कुठल्या शेतातला, खताचा की बिनखताचा.” दंडीने गुळव्याला विचारले नव्हते, एवढेच.

मार्गशीर्षात त्याने आपल्या वर्गात रीतीविचार शिकवायला घेतला तेव्हा तो गावाकडच्या एका चालू गुऱ्हाळातून तीन बाटल्या घेऊन गेला: ताजा रस, काकवी, आणि करपलेल्या आदणाचा काळा चुरा पाण्यात विरघळवून. मुलांनी तिन्ही हुंगल्या, दोन चाखल्या. मग त्याने फळ्यावर ‘गौडी’ लिहिले आणि पहिल्यांदाच, असे तो सांगतो, कुणी वहीत मान घातली नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तिसरा वास आमच्या घरी येतो.” त्याने तिला तासानंतर थांबायला सांगितले. ती थांबली, आणि दोघे बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते त्याने आम्हाला सांगितलेले नाही, आणि या वेळी आम्ही विचारलेही नाही.

चामीकराची ती बाटली सरांच्या कपाटात अमरकोशाशेजारी तशीच आहे, अर्ध्याहून अधिक भरलेली. पौषातल्या बैठकीला आम्ही चौघे पुन्हा जमलो आणि काव्यादर्श जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू केला.